वाचक विचारतात: डिव्हाइस सुरू आहे, मग ‘एंड ऑफ फाईल’ कुठून येतं?

या वेळी हॅस्केल, ओकॅमल, एलिक्झिर अशा फंक्शनल भाषांमधून डिव्हाइसचा डेटा वाचताना येणाऱ्या एंड ऑफ फाईलच्या, म्हणजे ईओएफच्या, इतक्या तक्रारी आल्यात की अख्खा कॉलम त्यालाच देतोय. पहिलं उत्तर बरंच लांब आहे, पण पुढची बहुतेक उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत, तेव्हा ते गाळू नका.

प्रश्न: नमस्कार. मी हॅस्केल शिकतोय. यूएसबी-सीरियलवर तापमानाचा सेन्सर जोडलाय, तो दर सेकंदाला एक ओळ पाठवतो. पोर्ट साध्या ओपनफाईलने उघडतो आणि लूपमध्ये ओळ वाचणारं एचगेटलाईन फिरवतो. कधी दिवसभर नीट चालतं तर कधी सुरू करताच ‘एंड ऑफ फाईल’ म्हणून मरतं, आणि दुसऱ्या टर्मिनल प्रोग्राममध्ये बघितलं तर डेटा येतच असतो. शेवटी कॅच लावला, ईओएफ आला की परत वाच असं सांगितलं, एरर गेली पण सीपीयू १०० टक्क्यांवर. फाईलच नाहीये तर फाईलचा शेवट कसला?

तुम्ही शेवटी जे विचारलंय तिथेच सगळं आहे. कर्नलकडे ‘फाईल संपली’ असा वेगळा निरोप नसतोच. रीड या सिस्टिम कॉलला आपण सांगतो की इतके बाइट दे, तो सांगतो इतके दिले, आणि ‘० दिले’ असं म्हणाला की त्याला शेवट समजायचं, एवढाच करार. डिस्कवरच्या फाईलला हे पुरतं. सीरियल पोर्टवर मात्र ते ० वेगवेगळ्या कारणांनी येऊ शकतं, आणि जीएचसीचं, म्हणजे हॅस्केलच्या कंपायलरचं, हँडल (उघडलेल्या फाईलचा दुवा) कारण विचारत बसत नाही, ० दिसलं की एचगेटलाईनमधून ईओएफचं एक्सेप्शन फेकून मोकळं होतं.

पहिलं कारण पोर्टच्या सेटिंगमध्ये असतं. टर्मिनल लेयरमध्ये व्हीमिन आणि व्हीटाईम अशा दोन किंमती असतात, पोर्ट रॉ मोडमध्ये, म्हणजे आलेले बाइट न बदलता तसेच देणाऱ्या मोडमध्ये, असला की रीडने किती बाइटची आणि किती वेळ वाट बघायची ते त्या ठरवतात, आणि व्हीटाईम सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात. व्हीमिन १ आणि व्हीटाईम ० असेल तर निदान एक बाइट येईपर्यंत रीड थांबून राहतो. दोन्ही ० असतील तर रीड थांबतच नाही, आत्ता काही नसेल तर लगेच ० देऊन परत येतो. तुमचा सेन्सर सेकंदाला एक ओळ पाठवतो म्हणजे मधला जवळपास सगळा वेळ ‘आत्ता काही नाही’ असाच असतो, आणि अशा पोर्टवर तुमचा प्रोग्राम पहिल्याच वाचनाला मरणार. कधी चालतं कधी नाही याचंही कारण हेच. लिनक्सवर आधीच्या प्रोग्रामने पोर्टला लावलेली सेटिंग्ज तो बंद झाल्यावरही साधारण तशीच राहतात, आणि ओपनफाईल त्यांना हातही लावत नाही. आधी कोणी काय सोडून गेलंय त्यावर तुमचा दिवस ठरतो.

दुसरं कारण, केबल निघाली किंवा पोर्ट हँगअप झाला. अशा तुटलेल्या टीटीवायवर, म्हणजे टर्मिनल पोर्टवर, लिनक्समध्ये रीड ० देतो, आणि पुढे कितीही वेळा विचारा, ०च देत राहतो. तिसरं कारण कॅनॉनिकल मोडचं, ते खाली बायनरीच्या प्रश्नात येईल.

आता तुमचा सीपीयू का तापतो ते बघा. पोर्ट न थांबता ० देतोय, तुम्ही ते पकडून लगेच परत विचारताय, तो परत ० देतोय, लूप जमेल तितक्या वेगाने गरगरतोय. केबल निघाली तरी अगदी हेच दिसणार, म्हणजे दोन पूर्ण वेगळ्या घटना आणि लक्षण एकच. फोनवर समोरचा थोडा गप्प झाला आणि फोन कट झाला यातला फरक आपण जसा पाळतो तसा प्रोग्रामनेही पाळायला हवा, आणि नुसत्या कॅचने तो पाळला जात नाही कारण कॅचपर्यंत पोचेस्तोवर माहिती पुसली गेलेली असते.

म्हणून माझं मत असं आहे की दुरुस्ती एक्सेप्शनपासून सुरू करूच नका, पोर्टपासून करा. पोर्ट उघडताना रॉ मोड, व्हीमिन १, व्हीटाईम ०, इको बंद, हे स्वतः लावा, कोणावर विसंबू नका. पोर्टची सेटिंग्ज बदलणाऱ्या एसटीटीवाय कमांडने करत असाल तर तिथला ‘रॉ’ मिन १ आणि टाईम ० लावून देतो पण इको बंद करत नाही, ते वेगळं सांगावं लागतं, नाहीतर डिव्हाइसने पाठवलेलं सगळं त्यालाच परत जातं आणि काही बोर्ड त्याने भलतेच वागायला लागतात. एवढं केलं की ० चा एकच अर्थ उरतो, पोर्ट तुटला.

मग ‘डिव्हाइस गप्प आहे’ हे कसं कळणार? ते आपल्या भाषेत करायचं. हॅस्केलचा टाईमआउट मेबी, म्हणजे ‘किंमत असेल किंवा नसेल’ असा टाईप, देतो, ठरवलेल्या वेळेत काम झालं नाही तर नथिंग. वेळ मायक्रोसेकंदात द्यायचा असतो, ५ सेकंद म्हणजे ५०,००,०००. पण तो एचगेटलाईनभोवती गुंडाळू नका, ओळ अर्धी वाचून झालेली असताना वेळ संपली तर त्या अर्ध्या ओळीचा भरवसा धरता येत नाही. बाइटस्ट्रिंगमधलं एचगेटसम घ्या, ते काहीच नसेल तरच थांबतं, थोडं जरी असलं तरी तेवढं घेऊन येतं. आणि त्याचा मोठा फायदा म्हणजे ईओएफला ते एक्सेप्शन फेकत नाही, रिकामी बाइटस्ट्रिंग देतं.

आता टाईप बनवा. नावं मराठीत लिहून दाखवतो, तुम्ही तुमची घ्या:

वाचन = आलं (बाइट) | गप्प | तुटलं (कारण)

आत एचगेटसम, त्याच्याभोवती फक्त आयओएक्सेप्शन पकडणारा ट्राय, आणि सगळ्यात बाहेर टाईमआउट. नथिंग आलं तर गप्प. ट्रायने लेफ्ट, म्हणजे एरर, दिलं तर तुटलं, आतलं कारण तसंच सोबत ठेवा. राईटमध्ये, म्हणजे एरर नसताना, रिकामी स्ट्रिंग असेल तरी तुटलं, भरलेली असेल तर आलं. एवढंच एक छोटं फंक्शन, आणि एक्सेप्शनचा संबंध तिथेच संपतो, उरलेला सगळा प्रोग्राम या तीन केसेसवर पॅटर्न मॅच करतो आणि एखादी राहून गेली तर कंपायलर वॉर्निंग देतो, अर्थात वॉर्निंग चालू ठेवल्या असतील तर, त्या ठेवाच. ट्रायमध्ये आळस म्हणून समएक्सेप्शन लिहू नका. टाईमआउट स्वतःच आतल्या कामाकडे एक एक्सेप्शन फेकून त्याला थांबवतो, सगळं पकडणारा ट्राय तेही गिळतो आणि मग गप्प डिव्हाइस तुम्हाला तुटलेलं दिसतं. कंट्रोल-सी पण असंच गिळलं जातं.

तुटलं आलं की जुनं हँडल नक्की बंद करा. ते उघडं राहिलं तर जुना नंबर अडकून राहतो आणि केबल परत लावल्यावर डिव्हाइस टीटीवाययूएसबी० च्या जागी टीटीवाययूएसबी१ म्हणून उगवतं, प्रोग्राम बसतो जुन्या नावाची वाट बघत. उघडताना शक्यतो नंबरचं नाव न वापरता सीरियलच्या फोल्डरमधली बाय-आयडीवाली लिंक वापरा, ती डिव्हाइसच्या ओळखीवरून बनते.

प्रश्न: माझ्याकडे एरर येत नाही, पण मधूनच चुकीची किंमत येते. सेन्सर २३.७ पाठवतो आणि लॉगमध्ये एकदा २ आणि पुढच्या ओळीत ३.७ असं पडतं. पार्सर तर स्ट्रिक्ट आहे, आकडा नसेल तर नथिंग देतो.

पार्सर बरोबरच आहे, २ हा आकडा आहे आणि ३.७ पण आहे, त्याच्याकडे नाही म्हणायला काही कारणच नाही. ही मला एररपेक्षा जास्त वाईट गोष्ट वाटते कारण प्रोग्राम चालू राहतो आणि आलेख खोटा होतो.

एचगेटलाईनचा एक नियम फार लोकांना माहीत नसतो. ओळीच्या अगदी सुरुवातीला ईओएफ आला तरच ते एक्सेप्शन देतं. काही अक्षरं वाचून झाल्यावर ईओएफ आला तर त्यालाच ओळीचा शेवट मानतं आणि जेवढं हातात आहे तेवढं पूर्ण ओळ म्हणून देतं. हॅस्केलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, आणि ओकॅमलचं इनपुटलाईनही असंच वागतं. मजकुराच्या फाईलला हे सोयीचं आहे, शेवटच्या ओळीनंतर एंटर नसलं तरी ओळ मिळते. पण व्हीमिन ० असलेल्या पोर्टवर २ हे अक्षर आलं, पुढचं यायला जरा वेळ लागला, ० आलं, झाली ओळ. पोर्ट आधी वरच्यासारखा नीट करा, पण त्याने फक्त हे कमी होईल, कारण केबल ओळीच्या मध्यावरही निघू शकते.

पक्का उपाय म्हणजे ओळी स्वतः तोडा. एक प्युअर, म्हणजे बाहेरचं काही न वाचणारं-बदलणारं, फंक्शन लिहा, त्याला मागची शिल्लक आणि नवा तुकडा द्यायचा, त्याने पूर्ण झालेल्या ओळी आणि नवी शिल्लक परत द्यायची. न्यूलाईन दिसल्याशिवाय कोणतीही ओळ पूर्ण नाही. तुटलं आलं तेव्हा शिल्लक रिकामी नसेल तर ती टाकून द्या आणि लॉगमध्ये नोंद करा, पार्सरकडे पाठवायची नाही. विंडोजछापाच्या बोर्डांकडून न्यूलाईनआधी १३ चा बाइट येतो, तोही इथेच काढा. आणि पोर्ट उघडल्यावरची पहिली ओळ सोडूनच द्या, तुम्ही उघडलं तेव्हा डिव्हाइस कुठल्या अक्षरावर होतं ते कोणाला माहीत.

हे फंक्शन प्युअर असल्यामुळे त्याची परीक्षा फार छान घेता येते. आपोआप टेस्ट बनवणाऱ्या क्विकचेक लायब्ररीला सांगा की कुठलाही बाइटचा ओघ घे, तो कसाही, कुठेही तोड, अगदी एकेक बाइट करून दे, बाहेर येणाऱ्या ओळी आणि शेवटची शिल्लक सारखीच यायला हवी. ही एक प्रॉपर्टी पास झाली की २ आणि ३.७ वाला प्रकार फंक्शनमध्ये राहणं फार अवघड होतं, आणि त्यासाठी डिव्हाइस हातात असण्याचीही गरज नाही.

ॲटोपार्सेक ही पार्सर लायब्ररी वापरत असाल तर इथे एक सापळा आहे. ते पार्शल म्हणून कंटिन्युएशन देतं, पुढचा तुकडा त्यात घालायचा, पण रिकामी स्ट्रिंग घातली तर त्याचा अर्थ ‘इनपुट संपलं’ असा घेतला जातो. म्हणजे ‘आत्ता काही नाही’ म्हणून आलेली रिकामी स्ट्रिंग तुम्ही जशीच्या तशी पुढे ढकलली तर पार्सर अर्ध्यातच हार मानतो. गप्पला पार्सरकडे काहीच पाठवायचं नाही, रिकामं फक्त तुटलं झाल्यावर.

डिव्हाइसचा फॉर्मॅट तुमच्या हातात असेल तर चेकसम, म्हणजे तपासणीचा आकडा, घाला. जीपीएसवाल्या एनएमईए ०१८३ मध्ये डॉलरच्या चिन्हानंतरपासून चांदणीच्या आधीपर्यंतच्या सगळ्या अक्षरांचा एक्सऑर घेऊन तो चांदणीनंतर दोन हेक्स अंकांत पाठवतात, आणि अख्खं वाक्य ८२ अक्षरांच्या आत असतं, त्यामुळे ८२ च्या पुढे गेलेली शिल्लक बिनधास्त फेकता येते. तेवढं जरी केलं तरी अर्धवट ओळ निसटणं अवघड होतं.

प्रश्न: बायनरी पॅकेट पाठवणारं डिव्हाइस आहे. ईओएफ केव्हाही येत नाही, ठरावीक रीडिंगलाच येतो. शोधता शोधता लक्षात आलं की पॅकेटमध्ये ४ ही किंमत असली की गडबड होते. हा योगायोग आहे का?

अजिबात नाही, आणि तुम्ही तिथवर पोचलात याचं कौतुक वाटतं. तुमचा पोर्ट कॅनॉनिकल मोडमध्ये आहे, म्हणजे पलीकडे माणूस कीबोर्डवर टाईप करतोय असं तो समजतोय. कंट्रोल-डी म्हणजे बाइट ४. ओळीच्या सुरुवातीला ४ आला तर रीड ० देतो आणि वर ईओएफ दिसतो, मध्येच आला तर तोवरचे बाइट देऊन टाकतो आणि ४ गायब होतो. बाकीचेही असेच बाइट आहेत, १२७ हा मागचा बाइट खोडतो, २१ अख्खी ओळ पुसतो, १३ चा १० होतो, १७ आणि १९ फ्लो कंट्रोलमध्ये गिळले जाऊ शकतात. तुम्हाला ४ दिसला कारण त्याने एरर दिली, बाकीचे गुपचूप डेटा बदलतायत. रॉ मोड लावा, सगळे एकदम थांबतील. आणि हँडल ओपनबायनरीफाईलने उघडा, नाहीतर हॅस्केल बाइटना यूटीएफ-८ समजून डीकोड करायला जाईल आणि पुढची तक्रार ‘इनव्हॅलिड बाइट सीक्वेन्स’ची असेल.

प्रश्न: हेच सगळं जॉयस्टिकच्या इव्हेंट फाईलला लागू होतं का?

नाही, तिथे टीटीवाय लेयरच मध्ये नाही. इनपुट इव्हेंटच्या फाईलमधून कर्नल कायम पूर्ण रेकॉर्ड देतो, ६४ बिट लिनक्सवर एक रेकॉर्ड २४ बाइटचा, अर्धा कधीच नाही, उलट तुमचा बफर एका रेकॉर्डपेक्षा लहान असेल तर रीड एरर देतो. आणि जॉयस्टिक उपटली तर ० येत नाही, ‘नो सच डिव्हाइस’ ही एरर येते. म्हणून फक्त इझईओएफएरर तपासणाऱ्या कोडमधून ती सटकते आणि प्रोग्राम पडतो. वरच्या टाईपमध्ये ती आपसूक तुटलं मध्ये जाते, लेफ्टमधून.

प्रश्न: ओकॅमलमध्ये ईओएफ पकडणारा रिकर्सिव्ह लूप लिहिलाय. थोड्या वेळाने मेमरी वाढत जाते आणि शेवटी स्टॅक ओव्हरफ्लो. टेल रिकर्शन तर दिसतंय.

दिसतंय पण नाहीये. रिकर्सिव्ह कॉल ट्रायच्या आत असेल तर तो टेल पोझिशनमध्ये, म्हणजे फंक्शनचं शेवटचं काम म्हणून, राहत नाही, प्रत्येक फेरीला एक हँडलर स्टॅकवर चढतो आणि उतरतच नाही. ट्राय फक्त एका वाचनाभोवती हवा. ओकॅमल ४.०२ पासून मॅचमध्येच एक्सेप्शनची शाखा लिहिता येते, इनपुटलाईनवर मॅच करा, एक शाखा ओळीची, एक एक्सेप्शन एंडऑफफाईलची, आणि ओळीच्या शाखेतला कॉल खराखुरा टेल कॉल होतो. ४.१४ किंवा पुढचं असेल तर इनचॅनेल मॉड्यूलमधलं इनपुटलाईन घ्या, ते सरळ ऑप्शन देतं. अर्धवट ओळीचा नियम मात्र त्यालाही लागू आहे, वरचं उत्तर वाचा.

प्रश्न: आधी एचइझईओएफने तपासून मग वाचलं तर? आणि एचगेटकंटेंट्स वापरून लेझी लिस्ट घेतली तर लूपच लागत नाही.

डिव्हाइसला दोन्ही नकोत. एचइझईओएफला उत्तर द्यायला स्वतः वाचून बघावं लागतं, म्हणून डेटा येईपर्यंत तेच अडकून बसतं, आणि नाही म्हणाल्यानंतरच्या क्षणी केबल निघू शकतेच. एचगेटकंटेंट्समध्ये वाचन कधी होतं ते लिस्ट कोण आणि केव्हा ओढतं त्यावर ठरतं, विथफाईलच्या आत घेऊन बाहेर वापरलीत तर ‘डिलेड रीड ऑन क्लोज्ड हँडल’ येतं, आणि गप्प आणि तुटलं यातला फरक सांगायला लिस्टमध्ये जागाच नाही, लिस्ट फक्त संपू शकते. स्ट्रीमचीच शैली आवडत असेल तर कॉन्ड्युट किंवा पाइप्स लायब्ररी घ्या आणि त्यातून बाइटऐवजी वाचन हा आपला टाईप वाहू द्या.

प्रश्न: मी एलिक्झिरमध्ये काम करते. आमच्याकडे ‘क्रॅश होऊ दे’ म्हणतात, तर ईओएफसाठी एवढं का करायचं? सुपरवायझर रीस्टार्ट करेलच ना.

करेल, पण किती वेळा ते बघा. एलिक्झिरच्या सुपरवायझरची डिफॉल्ट मर्यादा ५ सेकंदांत ३ रीस्टार्ट, अर्लांगच्या मूळ सुपरवायझरची तर ५ सेकंदांत १. केबल निघाली, प्रोसेस मेली, रीस्टार्ट झाली, इनिटमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या फंक्शनमध्ये, पोर्ट उघडायला गेली, पोर्ट नाही, परत मेली, असं काही मिलिसेकंदांत होतं आणि मर्यादा संपली की सुपरवायझर स्वतः मरतो, मग त्याचा वरचा, आणि एका केबलपायी अख्खं ॲप्लिकेशन खाली येतं. त्यांची शिकवण चांगलीच आहे पण ती अनपेक्षित गोष्टींसाठी आहे, आणि यूएसबी निघणं ही अपेक्षित घटना आहे. इनिट कायम यशस्वी होऊ दे, स्टेटमध्ये ‘जोडलेलं’ किंवा ‘तुटलेलं’ ठेवा, तुटलं की सेंडआफ्टरने स्वतःलाच थोड्या वेळाने परत प्रयत्न करायचा मेसेज पाठवा. सर्किट्स युआर्ट ही सीरियल लायब्ररी वापरत असाल तर ॲक्टिव्ह मोडमध्ये तुटल्याची एररही डेटासारखीच मेसेज म्हणून येते, हँडलइन्फोमध्ये तिची वेगळी शाखा लिहा. आणि जे प्रोसेस तुमच्याकडे रीडिंग मागतात त्यांना जुनी किंमत गुपचूप देऊ नका, तुटलंय असं एरर टपलमधून सांगा.

प्रश्न: हे सगळं टेस्ट कसं करायचं? दर वेळी केबल उपटायची का?

शेवटी एकदा उपटाच, पण रोजच्या कामाला गरज नाही. सोकॅट हा प्रोग्राम दोन स्यूडो, म्हणजे खोटी, टर्मिनल एकमेकांना जोडून देतो, एकीकडे तुमचा प्रोग्राम, दुसरीकडून तुम्ही बाइट लिहायचे. अर्धी ओळ लिहा आणि थांबा, गप्प आलं पाहिजे आणि शिल्लक जागेवर राहिली पाहिजे. उरलेली ओळ लिहा, एकच पूर्ण ओळ निघाली पाहिजे. परत अर्धी ओळ लिहा आणि सोकॅटच मारून टाका, आता हँगअप होऊन ० येईल, तुटलं एकदाच आलं पाहिजे आणि त्या अर्ध्या ओळीचा आकडा कुठेही दिसता कामा नये. रॉ सेटिंग विसरलात का ते बघायला बाइट ४ पाठवून बघा, तो जसाच्या तसा पोचला पाहिजे. तसंच डेव्ह-नल, म्हणजे कायम रिकामी असलेली फाईल, पोर्ट म्हणून देऊन बघा, तिथे पहिल्याच वाचनाला ० येतं, त्या वेळी सीपीयूवर नजर ठेवा, परत जोडायच्या दोन प्रयत्नांमध्ये तुम्ही थांबता की नाही ते तिथे लगेच कळतं.